डॉ. अब्दुल्लाह अब्दुर्रहमान : राज्यघटनेसाठी लंडन गाठणारा केपचा डॉक्टर

दक्षिण आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे गांधीजी आणि मंडेला आठवतात. डॉ. अब्दुल्लाह अब्दुर्रहमान यांचं नाव मात्र आपल्या घरांत क्वचितच निघतं.

जन्म १८७२ चा, वेलिंग्टन गावचा. आजी-आजोबा गुलाम होते. पैसे भरून त्यांनी आपली सुटका करून घेतली. नातू ग्लासगोला शिकून १८९३ मध्ये डॉक्टर झाला आणि १९०४ मध्ये केप टाउनचा नगरसेवक! गोरा नसलेला पहिलाच.

तेव्हा केपमध्ये मालमत्ता किंवा कमाई असलेल्या काळ्या आणि ‘कलर्ड’ (मिश्र वंशाच्या, मलाय मुसलमानही यातच धरले जात) पुरुषांना मत होतं. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेटमध्ये नव्हतं. १९०८-०९ मध्ये चार वसाहती जोडून एक देश करायची राज्यघटना ठरली. बोलणी करणारे सगळे गोरे. इंग्रज आणि बोअर नुकतेच एकमेकांशी लढले होते, त्यांची दिलजमाई झाली. पण किंमत तिसऱ्यानेच मोजली. संसदेत फक्त युरोपीय वंशाचेच बसतील, असं कलम आलं. केपचं मत तेवढं राहिलं, तेही दोन-तृतीयांश बहुमताने काढता येईल असं.

डॉक्टरसाहेब श्राइनर यांच्या शिष्टमंडळातून लंडनला गेले. सोबत जबावू, रुबुसाना हे काळे पुढारीही होते. ब्रिटिश संसदेने ऐकून घेतलं आणि कायदा जसाच्या तसा मंजूर केला.

परत येऊन ते गप्प बसले नाहीत. १९१२ मध्ये केप टाउनला ट्रफाल्गर हायस्कूल उभं राहिलं, त्यामागे त्यांचा जोर होता. शिक्षक म्हणून मला हे काम लंडनवारीपेक्षा मोठं वाटतं. १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचं गाऱ्हाणं घेऊन ते हिंदुस्थानातही आले.

टीकाही झाली, आणि ती घरातूनच. अर्ज-विनंत्यांचा मार्ग नव्या पिढीला मवाळ वाटायचा; त्यांची मुलगी सिसी गूल हिने १९३५ मध्ये वेगळी, जहाल संघटना काढली. पुढच्याच वर्षी ते दोन-तृतीयांश बहुमत वापरून केपच्या काळ्यांना सर्वसाधारण मतदार यादीतून काढलं गेलं. १९४० मध्ये डॉक्टरसाहेबांचा इंतकाल झाला. कलर्ड लोकांचं नाव १९५६ मध्ये कापलं गेलं, ते पाहायला ते नव्हते.

१९९४ मध्ये मंडेलांच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले दुल्लाह ओमर. शिकले होते ट्रफाल्गर हायस्कूलमध्ये.