आनंदीबाईंची खोली

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तेव्हा प्रत्येकीने एखाद्या थोर स्त्रीविषयी लिहावे असे बैठकीत ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. तरी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्याचे कारण शेवटी सांगते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. त्यांचे माहेर कल्याणचे व माहेरचे नाव यमुना. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने वीसएक वर्षांनी मोठे व पोस्टात कारकून होते. आपल्या करंजाच्या खाडीपल्याड जे अलिबाग, तेथे त्यांची बदली झाली आणि आनंदीबाईंचा अभ्यास नेटाने सुरू झाला. गोपाळरावांचा स्वभाव फार तापट. त्यांनी बायकोला शिकवले खरे, पण त्यासाठी तिला पुष्कळ सोसावे लागले, हेही विसरता येत नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. पण योग्य उपचार मिळाले नाहीत आणि ते बाळ दहा दिवसांत गेले. आपण स्वतः डॉक्टर व्हायचे, हा त्यांचा निश्चय त्या दुःखातून पक्का झाला.

पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता ते त्यांच्या वाचनात आले. ना नाते, ना ओळख, तरी त्या माउलीने आनंदीबाईंना पत्र घातले आणि आपल्या घरी राहायला बोलावले.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. वय अठरा. यजमान मागे राहिले. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाई बंदरावर घ्यायला आल्या होत्या. तो उन्हाळा आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या. त्यांना त्या मावशी म्हणत.

पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव घातले आणि त्या मोठ्या शहरात राहण्याचा प्रश्न आला. मिळालेल्या खोलीत भिंतीतल्या शेकोटीची सोय नीट नव्हती. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर हाडे गोठवणारी थंडी! आषाढात ओल्या लाकडांचा धूर ज्यांनी डोळ्यांत घेतला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. त्यात अंगावर नेसायला लुगडे, जेवण शाकाहारी आणि समोर परक्या भाषेतला अभ्यास. त्यांची प्रकृती ढासळत गेली, पण त्यांनी शिक्षण सोडले नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई हजर होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

कोल्हापूर संस्थानाने आपल्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली होती. नोव्हेंबरात त्या मुंबईला परतल्या, पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. बाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, पकिप्सी गावी ठेवली. जिवंतपणी ज्या बाईने घरात जागा दिली, तिनेच मागाहूनही दिली.

आता कारण सांगते. आमच्या घरावर एक खोली भाड्याने द्यायची असते. गेल्या वर्षी वैशाखात एक मुलगी यजमानांबरोबर आली होती. ती नेरूळच्या बाजूला डॉक्टरकी शिकत होती. वसतिगृहात नवराबायकोला एकत्र राहता येत नाही आणि द्रोणागिरी स्टेशनावरून गाडीने जाणे सोयीचे, म्हणून इकडे जागा बघत होती. मी तिला विचारले, रात्री किती वाजता येणार, स्वयंपाक कोण करणार, आणि मूलबाळ झाले तर शिक्षणाचे काय? मग खोली द्यायची नाही असे सांगून टाकले. ती बरे म्हणून उन्हात निघून गेली. मी तिला साधे पाणीदेखील विचारले नाही.

हनुमंताने संजीवनीसाठी उचललेल्या पर्वताचे नाव आपण मिरवतो, आणि औषध शिकू पाहणारी मुलगी मी दारातून परत पाठवली! मुलीच्या पुस्तकातला आनंदीबाईंचा धडा वाचला तेव्हा मला ती आठवली. तिचा पत्ता मी घेतला नव्हता.

तेव्हा भगिनींनो, या जूनपासून ती खोली शिकणाऱ्या मुलीसाठी ठेवली आहे, मग ती लग्न झालेली असो वा नसो. कुणाला गरज असल्यास मंडळात सांगावे. आपल्यापैकी कुणाकडे अशी जागा असेल तर तिनेही विचार करावा, एवढीच विनंती.