चादर धरणारे हात

स्नेहमेळाव्याच्या समितीने या स्मरणिकेसाठी दहावीच्या वर्गाचा जुना फोटो मागवला आणि त्याखाली सगळ्यांची नावे लिहायचे काम माझ्याकडे दिले. जानेवारी १९८६ मधला तो कृष्णधवल फोटो आहे. तीन रांगा, पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मागे शाळेची कौलारू इमारत. नावे लिहिता लिहिता शेवटी दोन नावे उरली. एक माझे आणि दुसरे माझ्या बाकावरच्या मित्राचे. आम्ही दोघेही त्या फोटोत नाही.

त्याचे कारण तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. फोटो काढायला दुपारचे बारा वाजले होते. ऊन डोक्यावर आले होते, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडत होत्या. आपल्या ड्रॉइंगच्या सरांनी प्रथमोपचाराच्या खोलीतली पांढरी चादर मागवली आणि आम्हा दोघांना रांगेच्या पुढे, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, ती तिरकी धरून उभे केले. चादरीवरचे ऊन उलटून तुमच्या चेहऱ्यांवर गेले. फोटो निघाला. आम्हाला घेऊन दुसरा काढायचा होता, पण रोल संपला होता.

मी हिरमुसलो, तेव्हा सरांनी आम्हाला पायरीवर बसवून दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली होती. पुढे ती मी जमेल तिथून वाचत गेलो. सर आता नाहीत, म्हणून ती गोष्ट मी माझ्या शब्दांत सांगतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि घर मुंबईला आले. चित्रकलेची ओढ पाहून धुंडिराजला १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातले. तिथून तो थोरल्या भावाबरोबर वडोद्याला गेला. तिथल्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि फोटोग्राफी या सगळ्यांत त्याने हात घातला. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी या मुलाची धडपड ओळखली आणि फोटोग्राफीची सामग्री त्याला वापरू दिली. अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला त्याला सुवर्णपदकही मिळाले. म्हणजे रंगमंचावर उजेड कुठून यावा, प्रेक्षकाला कुठून काय दिसावे, याचा विचार त्याने सिनेमाच्या कितीतरी आधी केला होता.

पोटासाठी त्याने गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगची साथ आली आणि पहिली पत्नी व मूल दोघेही गेले. स्टुडिओ बंद झाला. पुन्हा वडोद्याला धंदा मांडला, तर फोटो काढल्याने आयुष्य कमी होते अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक फिरकेना. मग एका परदेशी जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि आपलेच आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ केले. पुढे पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. जुनी शिल्पे टिपायची म्हणजे उजेडाचाच अभ्यास. समोरून ऊन पडले की कोरीव काम सपाट दिसते, बाजूने पडले की दगडातली प्रत्येक घडी उठून येते.

आता आपल्या भागाशी असलेले नाते सांगतो. स्वदेशीचे वारे सुरू झाल्यावर फाळक्यांनी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. शेजारी मळवलीला राजा रविवर्मा यांनी सुरू केलेला चित्रांचा छापखाना होता. त्या छापखान्यासाठी फाळके फोटो-लिथोची कामे करत. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती यांची चित्रे घराघरांत गेली ती त्या छापखान्यातून. दगडावर प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा उतरवायचा आणि ते सगळे ठसे एकमेकांवर केसाचाही फरक न पडता छापायचे, असे ते काम. चिंचवड स्टेशनवरून लोणावळा लोकलमध्ये बसलो की तासाभरात मळवली येते. तिथून वर कार्ल्याला चढून जा. चैत्यगृहात दर्शनी भिंतीवरच्या मोठ्या कमानदार गवाक्षातून उजेड आत येतो आणि दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगांमधून स्तूपापर्यंत पोहोचतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी काळोखा डोंगर पोखरला, तोही उजेड कुठे पडेल याचा हिशेब करून. इतकी वर्षे त्या लोकलने ये-जा केली, पण सरांची गोष्ट नसती तर मी मळवलीला कधी उतरलो नसतो.

फाळक्यांचा छापखाना पुढे दादरला गेला. १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन यंत्रे आणि तंत्र पाहून आले. पण भागीदारांशी पटेना आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. १९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू होता, त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र राम आणि कृष्ण होते. त्यानंतर रोज मिळेल तो चित्रपट पाहायचा, रात्रभर फिल्मचे तुकडे आणि उपकरणे घेऊन प्रयोग करायचे, असे महिनोन् महिने चालले. अति ताणाने डोळे गेले. उजेडावर जगणारा माणूस अंधारात बसला. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि वेगवेगळ्या चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली, आणि आल्याबरोबर त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यम्सन कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये परत आले.

पैसे घालणाऱ्याला खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. कर्ज मिळाले, पण तारण म्हणून पत्नीचे दागिने गेले.

सरांनी आम्हाला खरी गोष्ट सांगितली ती या पत्नीची, सरस्वतीबाईंची. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. अंधाऱ्या खोलीत बसून, मशीनवर हाताने, ती भोके पाडायचे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायने मिसळत. कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करत. आणि चित्रण चालू असताना, विजेचे दिवे नसल्यामुळे सगळा कारभार सूर्यावर असताना, नटांच्या चेहऱ्यांवर उजेड पडावा म्हणून भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत.

राजा हरिश्चंद्र असा तयार झाला. त्या काळची फिल्म मंद होती आणि तांबडा रंग तिला दिसतच नसे, तो काळा उमटे. त्यामुळे कपडे, रंगभूषा, जागा सगळे उन्हाच्या आणि फिल्मच्या मर्जीने ठरवावे लागे. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवले. रोहिदास झाला स्वतःचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये चित्रपट लागला आणि आपल्या देशात पूर्ण लांबीच्या चित्रपटांना सुरुवात झाली.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. १९१७ च्या लंकादहनात त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही साकारले. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. श्रीकृष्णजन्म आला, कालियामर्दन आला आणि त्यात मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्यांच्या हातून नव्वदहून अधिक चित्रपट झाले. पण हिशेबाची वही आणि फाळके यांचे कधीच जमले नाही. भागीदारांशी मतभेद होऊन ते काशीला निघून गेले, पुन्हा परतले. तोवर चित्रपट बोलू लागले होते. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, पंचवीस वर्षांनी. सरस्वतीबाईंच्या नावाने मला काही आठवत नाही. त्यांची चादर पडद्यावर दिसत नाही, दिसतो तो फक्त तिचा उजेड.

मी स्वतः चित्रकार झालो नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेपर्यंतच माझी मजल. आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तपासणीच्या टेबलावर राहिलो. तिथे ट्यूबलाइटच्या रांगांखालून रंगवलेली बॉडी येते. रंगाकडे बघायचेच नसते, त्यावर उमटलेल्या ट्यूबच्या रेघेकडे बघायचे. रेघ सरळ असली तर पत्रा सरळ. रेघ वाकली की तिथे खड्डा. नवी मुले बोटांनी चाचपत, मी त्यांना बाजूला मान तिरकी करून उभे राहायला शिकवायचो. ते मला त्या चादरीने शिकवले होते.

माझ्या बाकावरचा मित्र दहावीला गणितात राहिला. पुढे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर त्याने आयुष्य काढले आणि चार वर्षांपूर्वी तो गेला. मागच्या महिन्यात त्याची मुलगी घरी आली होती. बाबांचा शाळेतला एखादा फोटो आहे का, असे तिने विचारले. मी वर्गाचा फोटो पुढे ठेवला. तिने तीनही रांगा शोधल्या आणि माझ्याकडे पाहिले. मग मी तिला पहिल्या रांगेतल्या मुलींच्या हनुवटीखाली बोट ठेवून दाखवले. भर बाराच्या उन्हात तिथे सावली असायला हवी होती आणि नाही. ते तुझ्या बाबांचे काम, असे मी तिला सांगितले. तिने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढून घेतला.

समितीला माझी एवढीच विनंती आहे. फोटोखाली रांगांप्रमाणे नावे छापून झाली की शेवटी एक ओळ वाढवावी आणि त्यात चादर धरणारे म्हणून आम्हा दोघांची नावे द्यावीत. त्याचे नाव आधी घ्यावे. उन्हाच्या बाजूचे टोक त्याच्या हातात होते.