ग्रेस हॉपर आणि हरवलेली पॅकेजेस

गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला सात वर्षांच्या एका मुलीने घरातलं एक घड्याळ खोललं. ते परत जुळेना, म्हणून तिने दुसरं खोललं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली तेव्हा आईच्या लक्षात आलं. आईने नियम केला की यापुढे एकच घड्याळ खोलायचं. ही मुलगी म्हणजे ग्रेस मरे, लग्नानंतरची ग्रेस हॉपर. जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क.

मित्रांनो, हॉपरबाईंवर लिहावंसं वाटलं ते लिनक्समुळे. आपल्या हॉस्टेलवर दर सेमिस्टरला कुणीतरी डेबियनच्या स्टेबल आवृत्तीवरून टेस्टिंगवर जातो आणि अपग्रेड झाल्यावर निम्मी पॅकेजेस गायब झाली म्हणून धावत येतो. अशा मशीनसमोर बसून मला एक प्रश्न पडायचा. कोणत्या प्रोग्रॅमला कोणते भाग लागतात ते मशीननेच शोधावं आणि मशीननेच जोडावं, ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली? शोधत गेलो तर हॉपरबाईंपर्यंत पोचलो.

व्हॅसर कॉलेजातून १९२८ साली पदवी, १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. आणि व्हॅसरमध्येच प्राध्यापकी. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात महायुद्ध आलं. बाईंनी नौदलात जायचं ठरवलं. वय छत्तिशीच्या पुढे आणि वजन नियमापेक्षा कमी, म्हणून आधी नकारच मिळाला. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्डला हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली मार्क वन या मशीनवर रुजू झाल्या. एक्कावन्न फूट लांब, आठ फूट उंच असं ते धूड. कागदी पट्टीला भोकं पाडून त्याला हुकूम द्यायचे. त्याचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल बाईंनीच लिहून काढलं.

त्या पतंगाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू मशीनच्या एका रिलेत पतंग सापडला आणि तो लॉगबुकात चिकटवला गेला. तो पतंग बाईंना सापडला नव्हता, मशीन चालवणाऱ्यांना सापडला. ‘बग’ हा शब्दही त्याआधी अनेक वर्षं इंजिनिअर लोकांच्या तोंडी होता. बाईंनी ती गोष्ट रंगवून जगभर सांगितली एवढंच. त्यांचं खरं काम वेगळं आहे.

हार्वर्डला प्रत्येक प्रोग्रॅमर एक वही बाळगायचा. साइन, कोसाइन, वर्गमूळ काढायचे तयार तुकडे त्या वहीत असायचे. नवीन प्रोग्रॅम लिहिताना याच्या वहीतून, त्याच्या वहीतून तुकडे उतरवून घ्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी पत्त्यांचे आकडे बेरजा करून बदलायचे. उतरवताना चुका व्हायच्या, बेरीज चुकायची. आपण जर्नल कॉपी करतो तेव्हा होतं तसंच! फरक इतकाच की इथे अख्खं मशीन अडून बसायचं.

१९४९ मध्ये बाई हार्वर्ड सोडून फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता. माणसाला नीट उतरवता येत नाही आणि बेरीज करता येत नाही, मशीनला या दोन्ही गोष्टी उत्तम येतात, मग हे काम मशीनलाच का देऊ नये, असा त्यांचा सरळ विचार. १९५२ पर्यंत त्यांनी ए-झीरो तयार केला. सगळे तुकडे चुंबकीय टेपवर ठेवले, प्रत्येकाला एक क्रमांक दिला. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांक लिहायचे. टेपवरून तुकडे आणणं, पत्ते बदलणं, एकापुढे एक जोडणं हे सगळं मशीन करणार. याला त्यांनी कंपायलर म्हटलं, कारण तो गोळा करून संकलन करायचा. आजच्या भाषेत तो लिंकर-लोडरच्या जवळचा.

यात एक मोठी अडचण होती. प्रोग्रॅममध्ये पुढच्या भागाकडे उडी मारायची असेल तर तो भाग अजून जोडलेलाच नसायचा, मग पत्ता कुठला देणार? बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या. पुढे पळणाऱ्या साथीदाराला चेंडू कसा द्यायचा हे त्यांच्या अंगात होतं. त्यांनी मेमरीच्या शेवटी एक छोटा कोपरा राखून ठेवला. आत्ता उडी त्या कोपऱ्यात मारायची. पुढचा भाग आला की त्याचा पत्ता तिथे भरायचा.

टेस्टिंगवर आपली पॅकेजेस का हरवतात ते इथे समजतं. आपल्या एपीटीकडे असा राखीव कोपरा नाही. एखाद्या प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी टेस्टिंगमध्ये अजून आलीच नसेल तर तो प्रोग्रॅम तरी मागे ठेवायचा, नाहीतर काढून टाकायचा, एवढंच त्याला करता येतं. नवीन पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, काही दिवस तिथे राहतं, गंभीर बग निघाला नाही तरच टेस्टिंगमध्ये उतरतं. बग निघाला तर आधीचं पॅकेजही टेस्टिंगमधून काढलं जाऊ शकतं. २०२४ मध्ये तर २०३८ सालच्या तारखेची अडचण सोडवायला ढीगभर लायब्रऱ्यांची नावंच बदलली. नावाच्या शेवटी टी-६४ आलं, आणि जुनं नाव मागणारे प्रोग्रॅम अडकून बसले.

म्हणून कुणी विचारायला आला की मी क्रम ठरवून ठेवला आहे. आधी व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरमधली हिस्टरी फाईल उघडायची. काय बसलं आणि काय काढलं ते तारखेनिशी तिथे असतं. मग सोर्सेसची यादी बघायची. जुन्या आवृत्तीचं नाव राहिलंय का? बाहेरची एखादी रिपॉझिटरी घुसलीय का? २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअरचा विभाग वेगळा झाला, ती ओळ यादीत नसेल तर वाय-फायचं फर्मवेअर मिळत नाही. मग एपीटी-कॅशे पॉलिसी चालवून ते पॅकेज टेस्टिंगमध्ये आहे तरी का ते बघायचं. नसेल तर थांबायचं, ओढूनताणून दुसरीकडचं बसवायचं नाही. आणि पुढच्या वेळी वाय दाबण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी पूर्ण वाचायची. ही यादी कुणीच वाचत नाही.

हॉपरबाईंचंही कुणी ऐकत नव्हतं. कॉम्प्युटरने फक्त गणितं करायची, प्रोग्रॅम लिहायचे नाहीत, असं लोक ठामपणे सांगायचे. पुढे त्यांनी साध्या इंग्रजी वाक्यांत हुकूम घेणाऱ्या भाषेचा प्रस्ताव मांडला आणि तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालतो हे दाखवलं. मशीनच्या दृष्टीने शब्द बदलणं मामुली गोष्ट. पण फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकन मशीन फ्रेंच कसं समजेल, म्हणून साहेबलोक हादरले! शेवटी फ्लो-मॅटिक ही भाषा इंग्रजीतच आली. १९५९ मध्ये समितीने कोबोल आखली तिचा मुख्य पाया फ्लो-मॅटिकच होता, आणि डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला.

१९६६ च्या अखेरीस वयामुळे नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि सातच महिन्यांनी, ऑगस्ट १९६७ मध्ये, सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. कारण नौदलातल्या प्रत्येक मशीनची कोबोल थोडी थोडी वेगळी झाली होती. इथला प्रोग्रॅम तिथे चालेना. बाईंच्या गटाने कंपायलर तपासणारे चाचणी-प्रोग्रॅम लिहिले. कंपनी म्हणते ते खरं आहे का, हे प्रत्यक्ष चालवून बघायचं. हे टेस्टिंगच! ते सहा महिने संपले १४ ऑगस्ट १९८६ ला. तेव्हा बाई ७९ वर्षांच्या होत्या आणि रिअर ॲडमिरल झाल्या होत्या.

आमच्यासारख्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला त्यांना फार आवडायचं. नॅनोसेकंदात वीज किती अंतर जाऊ शकते ते दाखवायला त्या जवळजवळ एक फुटाचे तारेचे तुकडे वाटायच्या. नेहमी असंच करतो म्हणणाऱ्यांवर त्यांचा राग होता, म्हणून ऑफिसच्या भिंतीवर उलटं फिरणारं घड्याळ लावलं होतं. त्यात वेळ मात्र बरोबर दिसायची.

१ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी मानाने निरोप दिला गेला. आज आपण एक ओळ टाईप करतो आणि शेकडो पॅकेजेस आपोआप येऊन जोडली जातात. कधी दोन-चार येत नाहीत, तेव्हा आपण चिडतो. अशा वेळी वहीतून तुकडे उतरवणारे ते लोक आठवावेत, आणि मग शांतपणे लॉग उघडावा.