फॅरेडेचा पिंजरा आणि जीपमधला वायरलेस

पावसाळ्यात धरणांतून पाणी सुटले की दौंडच्या भीमा पुलाकडे सगळ्यांचे लक्ष लागते. वरून किती क्युसेक सोडले आणि दौंडला किती आले, यावर नदीकाठच्या गावांची रात्रीची झोप अवलंबून असते. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, तर उपयोगी पडतो तो हातातला वायरलेस संच. पण शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव करत चौफुल्याकडे निघालेल्या जीपमध्ये हाच संच अनेकदा नुसता खरखरतो. गाडी थांबवून खाली उतरले की तो पुन्हा स्पष्ट बोलू लागतो. दोष सहसा बॅटरीला किंवा संचाला दिला जातो. खरे कारण मात्र डोक्यावरच्या पत्र्यात असते. त्या कारणाची मूळ कल्पना सुमारे १९० वर्षांपूर्वी एका लोहाराच्या मुलाने स्वतः पिंजऱ्यात बसून पडताळून पाहिली होती. त्याचे नाव मायकेल फॅरेडे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करत, पण प्रकृती साथ देत नसल्याने कामात खंड पडे. घरात चार मुले आणि मिळकत तुटपुंजी. मायकेलचे शालेय शिक्षण लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित एवढ्यावरच थांबले. १८०५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जॉर्ज रीबो या पुस्तकबांधणीकाराकडे उमेदवारीला लागला. ही उमेदवारी सात वर्षांची होती. बांधायला आलेली पुस्तके तो आधी वाचून काढी. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे सोप्या संवादांचे पुस्तक यांनी त्याला विज्ञानाचे वेड लावले. उरलेल्या वेळात, चार पैसे वाचवून आणलेल्या साहित्यावर तो छोटे प्रयोग करू लागला.

१८१२ मध्ये रीबोच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने व्याख्याने ऐकली, घरी येऊन ती आकृत्यांसह पुन्हा लिहिली, स्वतःच्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवून दिले. पुढच्याच वर्षी, मार्च १८१३ मध्ये, डेव्हींनी त्याला रसायनशाळेत मदतनीस म्हणून घेतले. काम जोखमीचे होते. नायट्रोजन ट्रायक्लोराइड या स्फोटक पदार्थाने आधी डेव्हींच्या डोळ्यांना इजा केली होती. काही दिवसांत त्याच पदार्थाच्या स्फोटात फॅरेडेही जखमी झाला. तरी त्याने ती जागा सोडली नाही. जवळजवळ सगळे आयुष्य त्याने त्याच इमारतीत काढले.

१८२१ मध्ये सारा बर्नार्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी त्याने वीजप्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. ही आजच्या विजेच्या मोटारीची सुरुवात. १८२५ मध्ये त्याने बेंझिन वेगळे काढले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याच्या हाती सर्वांत मोठा शोध लागला. लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारेची वेटोळी गुंडाळून त्याने एकीतला प्रवाह चालू-बंद केला, तेव्हा दुसरीत क्षणभर प्रवाह उमटला. पुढे चुंबक हलवूनही वीज निर्माण होते हे त्याने दाखवले. धरणावरचे जनित्र असो की शेतातला ट्रान्सफॉर्मर, सगळे याच तत्त्वावर चालते.

जानेवारी १८३६ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने एक खोलीवजा पेटी बांधून घेतली. लाकडी सांगाडा, प्रत्येक बाजू बारा फूट, सभोवार तांब्याची तार, वर कागद आणि कथलाच्या पत्र्याच्या पट्ट्या. ही पेटी जमिनीपासून विलग ठेवून तिला शक्तिशाली यंत्राने विद्युतभार देण्यात आला. बाहेरच्या बाजूने ठिणग्या उडत होत्या आणि फॅरेडे पेटत्या मेणबत्त्या व विद्युतमापक घेऊन आत बसला होता. आतल्या कोणत्याही उपकरणाने विजेची दखल घेतली नाही. भार सगळा बाहेरच्या पृष्ठभागावर राहिला होता. हाच ‘फॅरेडेचा पिंजरा’.

वळवाच्या दिवसांत हा प्रयोग जीव वाचवू शकतो. उघड्या रानात ढग गडगडू लागले तर पत्र्याचे छत असलेल्या बंद मोटारीत काचा वर करून बसणे बरेच सुरक्षित असते. वीज पडलीच तर ती बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीकडे जाते. हे काम रबरी टायर करत नाहीत, धातूचे कवच करते. म्हणून मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर किंवा बैलगाडी असे संरक्षण देत नाही. झाडाचा आडोसा तर अधिक घातक. गाडीत बसल्यावर दाराच्या धातूला हात लावू नये, आणि बाहेरच्या अँटेनाची तार जोडलेला संच तर हातात धरूच नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास किंवा नाडी थांबली असेल तर तत्काळ छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. भीतीपोटी दूर उभे राहण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

पिंजऱ्यानंतर तीन-चार वर्षांतच फॅरेडेची प्रकृती ढासळली. चक्कर, डोकेदुखी आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे विसराळूपणा. १८४१ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने काम बाजूला ठेवून स्वित्झर्लंडमध्ये कित्येक महिने विश्रांती घेतली. तेथे तो डोंगरांतून मैलोन्मैल चाले, पण कालचे वाचलेले त्याला आठवत नसे. पूर्वीपासून रोजनिशीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक घालण्याची सवय आता त्याच्या कामी आली. जे डोक्यात राहत नव्हते ते कागदावर सापडे. या आधारावर त्याने १८४५ मध्ये चुंबकत्वाचा प्रकाशावर परिणाम होतो हे सिद्ध केले. आजारपणानंतरचा हा शोध त्याच्या मोठ्या शोधांत गणला जातो.

समाजाच्या आरोग्याकडेही त्याचे लक्ष होते. जुलै १८५५ मध्ये थेम्समधून बोटीने जाताना त्याने पांढऱ्या कागदाचे तुकडे पाण्यात सोडले. ते इंचभरही खोल जाण्याआधी दिसेनासे झाले. नदी किती घाण झाली आहे हे त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून लोकांपुढे मांडले. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, त्या दुर्गंधीने पार्लमेंटलाही बसवेना आणि लंडनच्या मैलापाणी योजनेला गती मिळाली. मुळा-मुठेचे पाणी पोटात घेऊन येणारी भीमा पाहणाऱ्या दौंडकरांना हा प्रयोग वेगळा समजावून सांगायला नको.

फॅरेडेने सरदारकी नाकारली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही. मुलांसाठीची नाताळातील व्याख्याने मात्र त्याने १९ वर्षे दिली. अखेरच्या वर्षांत स्मृती फारच क्षीण झाली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरात, खुर्चीत बसल्या बसल्या, त्याचे निधन झाले.

त्याला उच्च गणित येत नव्हते. चुंबकाभोवती आणि विद्युतभाराभोवती अदृश्य रेषा पसरलेल्या असतात, हे चित्र त्याने मनाने पाहिले होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्या चित्राला १८६५ पर्यंत गणिताचे रूप दिले आणि विद्युतचुंबकीय लहरींचे भाकीत केले. हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मध्ये त्या प्रत्यक्ष दाखवल्या. वायरलेस जन्मला तो या वाटेने.

आता पुन्हा जीपकडे. गाडी हा पूर्ण बंद पिंजरा नाही, तिला खिडक्या आहेत. लहर लहान असेल तर ती खिडकीतून सहज आत येते. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणून गाडीत फोन चालतो. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या वायरलेसची लहर मात्र दोन मीटरची असते. खिडकी तिला अपुरी पडते आणि आत पोहोचतो तो दुबळा संकेत. त्यातही संच सीटवर आडवा पडलेला किंवा कमरेला अडकवलेला असेल तर उरलेला भाग पत्रा आणि शरीर खाऊन टाकते.

उपाय सोपा आहे, अँटेना पिंजऱ्याबाहेर न्यायची. चुंबकाच्या तळाची अँटेना छताच्या मधोमध बसवावी. पत्र्याचे छत, जे आत अडथळा होते, ते बाहेर अँटेनाचा आधार बनते. १५० मेगाहर्ट्झसाठी तिची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर असावी. तार दाराच्या रबरातून, चेंगरणार नाही अशी आत घ्यावी आणि गरजेपेक्षा लांब ठेवू नये. एवढी सोय नसेल तर संच उभा धरून खिडकीजवळ न्यावा. काचेवर धातूमिश्रित फिल्म असेल तर काच खाली घ्यावी. खरखर तरीही राहिली तर मोबाइलचा स्वस्त चार्जर काढून पाहावा. पुष्कळदा आवाज त्याचाच असतो.

बाहेरच्या अँटेनाचा आरोग्यालाही फायदा आहे. बोलताना बाहेर पडणारी ऊर्जा डोक्याजवळ न राहता छतावर जाते. पेसमेकर असलेल्यांनी बोलणारा संच छातीच्या खिशात ठेवू नये. आपल्याकडे अशा बहुतेक संचांना दूरसंचार खात्याचा परवाना लागतो, आणि पोलिसांचे संदेश ऐकणे हा छंदाचा विषय नाही. ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांच्यासाठी हॅम रेडिओची परवाना परीक्षा आहे. पूर येण्याआधी, कोरड्या दिवसांत, गाडीतला संच एकदा छतावरच्या अँटेनाला जोडून शिरूर ते दौंड फिरून तपासावा. पाणी पुलाला लागल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.