धुळाक्षरांचा प्रवास : अँड्र्यू बेल

अँड्र्यू बेल यांचा जन्म १७५३ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे झाला. १७८७ मध्ये ते मद्रासला आले आणि १७८९ मध्ये एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाची देखरेख त्यांनी वेतन न घेता पत्करली. आश्रमातील मुले युरोपीय सैनिकांची होती. त्यांपैकी अनेकांच्या माता मात्र एतद्देशीय होत्या.

एका देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरविताना बेल यांच्या दृष्टीस पडली. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांतही धूळपाटीवर अक्षरओळख होत असे. ही रीत बेल यांनी आपल्या शाळेत आणू पाहिली. अध्यापकांनी ती मनावर घेतली नाही. तेव्हा त्यांनी मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडेच सोपविला. प्रयोग सफल झाला आणि मुलांनीच मुलांना शिकविण्याची पद्धती शाळेत रूढ झाली.

१७९६ मध्ये बेल स्वदेशी निघाले. पुढील वर्षी लंडन येथे त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १८११ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीच्या शाळांतून ही ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर पसरली. १८३२ मध्ये बेल निवर्तले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन झाले.

त्यांच्या कार्यात एक विसंगती राहून गेली. ज्या समाजाची रीत त्यांनी उचलली, त्याच समाजातील मातांच्या प्रभावापासून मुलांना दूर ठेवणे हा आश्रमाचा एक हेतू होता. वाळूवरची अक्षरे समुद्रापार गेली. ती गिरविणाऱ्यांविषयीचा आदर मात्र त्यांच्यासोबत गेला नाही.