उमेदवार बाबासाहेब



विहाराच्या वर्धापनदिनी परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र कोणी ना कोणी सांगतेच. महाडचा सत्याग्रह, संविधान, नागपूरची दीक्षा हे आपल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. पण मतं मागायला लोकांपुढे उभे राहिलेले बाबासाहेब आपण फारसे आठवत नाही. म्हणून हा थोडा प्रयत्न.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव परदेशात शिकून मोठे बॅरिस्टर झाले. १९२७ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, ते सरकारने नेमलेले सभासद म्हणून. तिथेही ते गप्प बसले नाहीत. १९२८ साली महार वतनाच्या जोखडातून समाजाला सोडविण्यासाठी त्यांनी बिल मांडले. परंतु नेमलेला सभासद वेगळा आणि लोकांनी निवडून दिलेला वेगळा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा मिळाल्या. आपल्या शेजारच्या येरवड्याला झालेल्या त्या करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशीच पळवणकर बाळू यांचीही आहे. बाळू म्हणजे त्या काळचे नामांकित क्रिकेटपटू, चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पडेल ते काम करत ते गोलंदाजी शिकले आणि १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. एवढा मोठा खेळाडू, पण चहा मात्र त्यांना मैदानाबाहेर वेगळ्या कुल्हडात मिळायचा.

पुढे प्रांतिक निवडणुका जाहीर झाल्या. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाला नाव जातीचे दिले नाही, मजुराचे दिले. सतरा उमेदवार उभे केले. स्वतः मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभे राहिले. गिरण्यांचा भाग, चाळींत राहणारा कामगार. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध नेमके बाळूंनाच तिकीट दिले. दोघेही दलित समाजाचेच, दोघांनाही लोक मानायचे.

तेव्हा आजच्यासारखे प्रत्येकाला मत नव्हते. शेतसारा, घरभाडे, शिक्षण अशा अटी होत्या. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणांचे नाव यादीतच नव्हते. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते मतदाराला असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. म्हणजे एकजूट असेल तर थोड्या लोकांनाही आपला माणूस निवडून आणता येई. फेब्रुवारी १९३७ मध्ये मतदान झाले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. अवघ्या २,०२० मतांचा फरक! पक्षाचेही बहुतेक उमेदवार निवडून आले.

निवडून गेल्यावर त्यांनी काय केले हे महत्त्वाचे. सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातली खोती मोडण्याचे बिल आणले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट कौन्सिल हॉलवर नेला. त्याच वर्षी सरकारने संपावर बंधन घालणारे बिल आणले, तेव्हा ७ नोव्हेंबरला गिरणी कामगारांचा मोठा संप झाला आणि बाबासाहेब त्यात पुढे होते. भोसरीला, चाकणला कंपनीत पाळीला जाणाऱ्या आपल्या माणसांनी ही गोष्ट विसरू नये.

पुढे हार पण आली. १९५२ साली उत्तर मुंबईतून लोकसभेला ते पडले. ज्यांनी देशातल्या सर्व प्रौढांना मताचा हक्क देणारे संविधान लिहिले, त्यांनाच मतदारांनी नाकारले. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हार झाली. तब्येत खालावलेली, साखरेचा आजार, पाय दुखायचे. दुसरा कोणी घरी बसला असता.

आणि त्याच वर्षी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेब आपल्या देहूरोडला आले! रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी तेथील विहारात आपल्या हाताने बसविली. मतपेटीत हरलेला हा महामानव त्याच वर्षी आपल्या दारी बुद्ध घेऊन आला. पुढे दोनच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण.

२००९ पासून आपली पिंपरी विधानसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांचे उमेदवार विहारात येतात, बाबासाहेबांना हार घालतात, जय भीम म्हणतात. येऊ द्यात. चटई टाका, पाणी द्या. पण जागा राखीव असली म्हणजे माणूस आपला झाला असे नाही. तो कामगाराचे, झोपडपट्टीचे, पोरींच्या शिक्षणाचे काय बोलला, निवडून गेल्यावर काय केले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. हा अधिकार मिळावा म्हणून बाबासाहेब दोनदा हरले तरी थांबले नाहीत. तेव्हा मत विकायचे नाही आणि घरी बसून वाया घालवायचेही नाही, एवढे आजच्या दिवशी ठरवू या.

नमो बुद्धाय! जय भीम!