अभंगातून घराघरांत उपासना नेणारे रेव्हरंड टिळक

जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे मांडवी नदीच्या तीरी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. श्रीतुकोबारायांना स्वप्नात गुरुमंत्र देणारे सत्पुरुष ते हेच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. तुकोबांच्या अभंगगंगेने जुन्नर-आंबेगावची घरे तर पावन केलीच. पण महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनेपर्यंतही तिचा एक ओघ पोहोचला. तो नेणारे भगीरथ म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नाताळच्या या सणानिमित्त त्यांचे पुण्यस्मरण करणे उचित होय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. मातोश्री जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या. तो वारसा पुत्राकडे आला. पुढे आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थांनी त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातील येशूच्या गिरिप्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने संसार मात्र दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ संस्कारांत वाढलेल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. एकाच कुटुंबात दोन उपासना झाल्या आणि ताटातुटीत सुमारे चार-पाच वर्षे गेली. पुढे त्या पतीकडे अहमदनगरला आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे-ओवळे सांभाळलेच. जातिभेद ईश्वरनिर्मित नव्हे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले, तेव्हाच ते सुटले. १९०० साली त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो. घरातील उपासना धाकाने एक होत नाही, ती अंतःकरणानेच एक व्हावी लागते, हे या दांपत्याच्या चरित्रावरून दिसते.

त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळींत परदेशी चालींवरील भाषांतरित गीते गाइली जात. रविवारी देवळात ती निभावून जात. परंतु दळण-कांडण करणाऱ्या माउलीच्या ओठी ती सहज बसत ना. टिळकांनी हे ओळखले. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने मान्य करीत. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, पदे रचली. टाळ-मृदंगासह कीर्तने केली. आता उपासनेसाठी रविवारची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. आजी, सून, नातवंडे दिवेलागणीला एकत्र बसून आपल्याच भाषेत देवाचे गुण गाऊ शकली. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत.

टिळकांचे स्वतःचे घरही सर्वांना मोकळे होते. निराधार मुलांना तेथे माया मिळाली. बालकवी ठोमरे यांनाही त्या घराने आपलेसे केले. ज्या घरी प्रार्थना होते, त्या घराचे दार भुकेल्याला बंद असू नये, ही त्या उभयतांची वृत्ती.

१९१७ साली टिळकांनी संन्यस्त जीवन पत्करले आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अपुरे राहिले होते. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचले, आणि ग्रंथ प्रसिद्ध करण्याचे काम पुत्र देवदत्त यांनी केले. एकेकाळी उपासनेवरून दुभंगलेले कुटुंब अखेर एका उपासनाग्रंथात एकत्र आले.

प्रपंचाची कामे कधीच सरत नाहीत. ती सरल्यावर देवाला वेळ देऊ म्हणणाऱ्याला तो वेळ लाभत नाही. दिवसातील एक घटका आधी देवाची, मग उरलेली संसाराची, हे आपल्या संतांचे सांगणे. हरिपाठ म्हणणारे घर असो वा ख्रिस्तगीत गाणारे, देवाच्या नावाने सर्वांनी एकत्र बसावे, यातच त्या घराचे कल्याण आहे.